माइक तपासणी

खानापूरच्या वाचनालयाच्या हॉलात
मी तीन माइक लावले, तिन्हींत नवे सेल.
चिंदरे मास्तर म्हणाले, दस्तगीर, वायरीवर टेप मार,
कुणी अडखळायला नको.
अडखळायला आधी यावं लागतं.

आले फक्त मुतगेकर वकील,
ज्यांचं डिपॉझिट यंदाही जाणार
हे त्यांच्या घरच्यांनाही ठाऊक.
हरणाऱ्याकडं वेळ असतो.
साडेपाचलाच येऊन त्यांनी स्वतःची खुर्ची
स्वतःच्या रुमालानं पुसली.

बिर्जे सावकारांचा निरोप: घसा बसलाय.
त्याच संध्याकाळी नंदगडात त्यांची सभा होती,
सेट माझ्या मेव्हण्याचा.
मी फोन केला. घसा?
तो म्हणाला, माझा एक कर्णा फाटला की ओ.

मागच्या खेपेला हेच सावकार मागं होते.
तेव्हा बाजारात, चिरमुऱ्याच्या गाड्यापाशी उभं राहून
हात वर करून म्हणायचे,
समोरासमोर या! होऊन जाऊ दे!
तेव्हा समोरचा यायचा नाही.
आता हेच समोरचे झालेत.

ईरण्णा मुगळीहाळांचं वेगळं.
ते नाही म्हणालेच नाहीत.
चौदा दिवस 'नोडोण री, नोडोण,'
बघूया, बघूया,
मग त्यांच्या माणसानं कागद पाठवला:
प्रश्न आधी लिहून द्या.
फलकावर कुठली अक्षरं वर, कुठली खाली, ते कळवा.
आणि शेवटी, बारीक अक्षरात,
ऐकायला कोण कोण बसणार?

ते शेवटचं मास्तरांना कळलं नाही, मला कळलं.
त्यांचे दोन्हीकडचे कार्यक्रम मी केलेत.
सकाळी पारिश्वाडात कन्नडमधून
ते मलप्रभेचं पाणी पूर्वेला नेतात, शेताशेतात सोडतात.
संध्याकाळी कणकुंबीत मराठीतून
तीच नदी तिच्या उगमापाशी
जागच्या जागी ठेवतात, थेंब हलत नाही.
टाळ्या दोन्हीकडं. खऱ्या टाळ्या,
माझ्या मीटरचा काटा लाल होतो.
मधे जंगल आहे, आणि त्या जंगलातून
दोन्ही भाषणं ऐकून जाणारा
माझा टेम्पो.
आता ही दोन्ही गावं
एका पंख्याखाली शेजारी शेजारी बसवली
तर नदीनं जायचं कुणीकडं?

आमच्या धंद्यात एक गोष्ट पहिल्या दिवशी शिकवतात.
कर्ण्याचं तोंड माइककडं वळू द्यायचं नाही.
वळलं, की माणसाचा आपलाच आवाज
फिरून त्याच्याच तोंडात येतो
आणि अशी शीळ घालतो
की सगळे कान दाबून माझ्याकडं बघतात,
जणू मीच ओरडलो.

बत्तीस माणसं होती. त्यातली सहा पंख्यासाठी.
कौलांच्या भट्टीवरची शेवंता कोवाडकर
वहीच्या पानावर प्रश्न लिहून आली होती:
बायांची हजेरी पुरी कधी लागणार?
तिघांसाठी आणलेला प्रश्न तिनं तीनदा विचारला,
एकेका खुर्चीकडं तोंड करून.
वकिलांनी पाऊण तास उत्तर दिलं.
उरलेल्या दोन खुर्च्यांनी लवकर आटोपलं,
आणि खरं सांगू, तेवढंच पटलं तिला.
घडी घालून कागद परत कनवटीला लावला.

रात्री सामान भरताना फोन वाजला.
ईरण्णांचा माणूस. परवा बिडीला सभा.
किती माइक लावू?
एकच. दुसरा कशाला?
मी 'आयतु री' म्हणालो,
ॲडव्हान्सचा आकडा दोनशेनं चढवून सांगितला,
त्यानं घासाघीस केली नाही.

मास्तर पाकीट चाचपत दारात उभे.
त्यांना मराठीत म्हणालो, राहू दे ओ, पैशाची काय घाई.
घरी बायकोला दखनीत सांगितलं,
मास्तर लोगां आज का आजच दिए.
ती अजून वाचनालयाकडं फिरकलेली नाही,
मास्तर आमच्या गल्लीत येत नाहीत.
बरंच आहे.